प्रत्येक फोन तुमच्याकडेच का येतो?

पत्र असं आहे: "मी देवगड तालुक्यातल्या एका आंबा कॅनिंग फॅक्टरीत प्रॉडक्शन सुपरवायझर आहे. वय ३७, अकरा वर्षं इथेच. कापणीच्या टेबलावरून सुरुवात केली, आमच्या जुन्या सुपरवायझर काकांनी हाताला धरून सगळं शिकवलं. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. सीझनला सकाळी सातला जाते, रात्री साडेआठ-नऊला घरी येते. त्यानंतरही फोन चालूच. मालकांनी यंदा फूड टेक्नॉलॉजी केलेली तीन मुलं दिली आहेत, 'यांना तयार करा' म्हणून. तयार करायला वेळ कुठे आहे? उलट तेच दिवसातून पंधरा वेळा विचारायला येतात. मिस्टर मुंबईला नोकरीला, शिमग्याला नि गणपतीला येतात. घरी चौथीतला मुलगा आणि सासूबाई, त्यांना मधुमेह आहे. गेल्या आठवड्यात संध्याकाळी सातला त्यांना घेरी आली तेव्हा मी फॅक्टरीत होते, शेजारच्या वहिनींनी धावाधाव केली. मुलाशी बोलायला गेले की ओरडतेच. रात्री तीनला जाग येते आणि रिटॉर्टचा, म्हणजे भरलेले डबे तापवून निर्जंतुक करायच्या यंत्राचा, विचार सुरू होतो. जेवायला बसले तरी फोन. सासूबाई म्हणतात, 'आधी तो फोन बंद कर, मगे जेवूक बस.' नोकरी सोडावी का?"

ताई,

नोकरी सोडायची की नाही, हे मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरवू नका. कॅनिंगचा आंबा पहिला जोराचा पाऊस पडला की आटोपतो, म्हणजे फार तर दोन-तीन आठवडे उरले. राजीनामा जुलैतही देता येतो. आठ दिवस नीट झोप झाल्यावर तो लिहायला बसलात तर मजकूर वेगळा होईल, कदाचित लिहावासाही वाटणार नाही.

तुमचे तास जास्त आहेत, त्यावर पुढे बोलूच. पण पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, "तेच दिवसातून पंधरा वेळा विचारायला येतात." दुखणं तिथे आहे. तेरा तास उभं राहिलेला माणूस दमतो आणि पडल्या पडल्या झोपतो. तेच तेरा तास दर दहा मिनिटांनी दुसऱ्या कुणाचा तरी निर्णय आपण घेत राहिलो, की माणूस दमतो आणि तीनला जागा होतो, कारण डोक्याची पाळी सुटलेलीच नसते. गाडी उतरवायची का, वाफ कमी करायची का, बायकांना आज लवकर सोडायचं का, प्रत्येक 'हो' आणि 'नको' तुमच्याच तोंडून निघतं. मुलांना तयार करायला वेळ नाही असं तुम्ही म्हणता. माझ्या मते तुमचा वेळ ती तयार नाहीत म्हणूनच जातोय.

आधी हे कागदावर उतरवा. उद्यापासून चार दिवस, खिशात मावेल एवढी वही जवळ ठेवा. कुणीही फोन केला किंवा काही विचारायला आला की फक्त तीन गोष्टी टिपायच्या: कोण, कशाबद्दल, तुम्ही काय सांगितलंत. सविस्तर नको. "अमुक – ब्रिक्स (पल्पातल्या साखरेचं प्रमाण) कमी – परत बघ म्हटलं", बस्स. चौथ्या रात्री ती वही घेऊन बसा. काही प्रश्नांचं उत्तर दर वेळी एकच असतं, तिथे तुमची गरजच नव्हती, एक पाटी पुरली असती. काहींना नजर लागते, ती शिकवता येते. आणि थोडे खरोखर तुमचेच असतात. हा तिसरा ढीग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप लहान निघेल. चार दिवस लिहिल्याशिवाय तो दिसत नाही, आणि मालकांशी बोलायला जाल तेव्हा हीच वही पुढे ठेवायची आहे.

आता त्यातला एकच प्रश्न जवळून बघू. फोन येतो, "मॅडम, ब्रिक्स साडेचौदा येतोय." तुम्ही हातातलं टाकून जाता, स्वतः बघता, सोळाच्या वर. मुलगा वरमतो, तुम्ही चिडता, दहा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. का? त्याने केटलमधला, म्हणजे पल्प तापवायच्या भांड्यातला, कढत पल्प तसाच ब्रिक्स मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला. उपकरण २० अंश सेल्सिअस धरून आखलेलं असतं, गरम पल्पाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. हातात धरायच्या साध्या उपकरणात तापमानाची दुरुस्ती आपोआप होतेच असं नाही, आणि होत असली तरी ती ठरावीक मर्यादेतच. कधी उलटं होतं. आधीचा पल्प काचेवर वाळून बसलेला, त्यातली साखर नव्या थेंबात मिसळते आणि आकडा जास्त येतो. कधी थेंबात बुडबुडा राहतो आणि रेषा पुसट होते. तुम्ही काय करता? चमचाभर पल्प वाटीत घेऊन थंड होऊ देता, काच पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपता, शुद्ध पाणी टाकून शून्य येतोय का बघता, थेंब टाकून झाकण बसवता, अर्धा मिनिट थांबता, मग डोळा लावता. यातलं काहीही तुम्ही बोलून दाखवत नाही, कारण ते तुमच्या हाताच्या अंगवळणी पडलंय. मुलाला त्यातला शेवटचा डोळा लावणं तेवढं दिसतं.

डिग्रीवाल्या मुलांना 'ब्रिक्स म्हणजे काय' हे तुमच्यापेक्षा छान सांगता येईल. ती अडतात ती काच पुसण्यापाशी.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हीच अडचण मोठ्या प्रमाणावर आली होती. कसबी माणसं लढाईवर गेलेली, कारखान्यांत सगळे नवशिके. १९४० ते १९४५ या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला, आणि त्यात सुपरवायझरने शिकवायचं कसं याची चार पायऱ्यांची रीत बसवली गेली. युद्धानंतर ती जपानला गेली, टोयोटाने उचलली. रीत जुनी आहे, पण कॅनिंगच्या शेडमध्ये ती जशीच्या तशी चालते.

शिकवायच्या आधी एका पानावर तीन रकाने आखा: काय करायचं, त्यातली मेख कुठे, आणि ती मेख का. 'काच पुसा – आधी ओल्याने, मग कोरड्याने – वाळलेली साखर पुढच्या आकड्यात येते.' एका कामाला अशा पाच-सहा ओळींच्या वर गेलात तर ते काम तोडून दोन करा. मग मुलाला समोर उभा करू नका, आपल्या बाजूला घ्या, नाहीतर त्याला सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. आधी त्याला काय येतं ते विचारा. नंतर तुम्ही तीनदा करून दाखवायचं. पहिल्यांदा नुसत्या पायऱ्या सांगत, दुसऱ्यांदा मेखा सांगत, तिसऱ्यांदा कारणं सांगत. तीनदा म्हणजे तीनदाच, एका दमात सगळं ओतलं तर अर्धं सांडतं. आता उपकरण त्याच्या हातात. पहिल्यांदा तो न बोलता करेल, चुकला की तिथल्या तिथे थांबवा. दुसऱ्यांदा तो करता करता तुम्हाला सांगेल, तिसऱ्यांदा कारणंही सांगेल. 'समजलं का?' हा प्रश्न विचारू नका. त्याला कोणीही 'हो' म्हणतं. शेवटची पायरी लोक हमखास गाळतात, ती म्हणजे त्याला एकटं सोडणं, अडलं तर नेमकं कुणाला विचारायचं ते सांगणं, आणि पहिल्या दिवशी दर तासाला, दुसऱ्या दिवशी दोनदा, मग आठवड्यातून एकदा जाऊन बघणं. ही पायरी गाळली की पंधरा वेळा विचारणं सुरू होतं.

वेळ कुठून काढायचा? सकाळी बॉयलरला वाफ धरेपर्यंत शेडमध्ये सगळे हात बांधून उभे असतात ना, तोच वेळ. पंधरा मिनिटं, एक मुलगा, एक काम. तिघांना एकत्र उभं करून शिकवायचा मोह होईल, तो टाळा. तिघांत एक बोलका असतो, तोच उत्तरं देतो, आणि बाकीच्या दोघांना येतंय असं आपल्याला वाटत राहतं. त्यापेक्षा एकाला ब्रिक्स द्या, दुसऱ्याला डब्याचं सीम, म्हणजे झाकणाची दुमडून बसवलेली कड, तिसऱ्याला कूलिंग, म्हणजे तापलेले डबे पाण्यात थंड करणं. सीमवाल्याने दर अर्ध्या तासाला डबा हातात घेऊन कडेवरून बोट फिरवून बघायचं, आणि ठरलेल्या तासांनी एक डबा फाडून हुक, म्हणजे एकमेकांत अडकलेल्या झाकणाच्या नि डब्याच्या कडा, मोजायचे. कूलिंगवाल्याने डबा ३८ ते ४० अंशांच्या आसपास, म्हणजे तळहाताला चांगला कोमट लागेल असा असताना पाण्यातून काढायचा. त्याहून गरम रचला तर थप्पीच्या मधल्या डब्यांतला पल्प करपल्यासारखा तपकिरी पडतो. फार गार काढला तर अंगावरचं पाणी सुकत नाही, आणि आपल्या दमट हवेत गोदामात पडल्या पडल्या सीमला गंज धरतो. हे 'का' एकदा कळलं की मुलगा थर्मामीटर शोधायला तुमच्याकडे येणार नाही. पाच-सहा दिवसांनी तिघांनी एकमेकांना आपापलं काम शिकवायचं, तुम्ही नुसतं बघायचं. शिकवताना ज्याला 'का' आठवत नाही त्याला ते काम अजून आलेलं नाही, हे तुम्हाला आयतं कळतं.

आणि सगळं तुम्हीच का शिकवायचं? कुठला आंबा आज कापायचा आणि कुठला उद्यावर ठेवायचा, हे कापणीच्या टेबलावरच्या बायकांच्या बोटांना कळतं. साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, कापल्यावर दिसतोच, पण कुठल्या लॉटमध्ये तो निघणार याचा अंदाज त्या वासावरून नि वजनावरून बांधतात. प्रत्येक मुलाला दोन दिवस त्या टेबलावर सुरी घेऊन बसवा. मात्र आधी बायकांना सगळ्यांसमोर सांगा की यांना तुम्ही शिकवायचं आहे. न सांगता बसवलंत तर मुलगा पहिल्या तासात हुकूम सोडायला लागतो, बायका दुसऱ्या तासात त्याची फिरकी घ्यायला लागतात, आणि भांडण सोडवायला पुन्हा मॅडम.

शिकवून झालं की निर्णयही हातात द्यावा लागतो. इथे बहुतेक चांगले सुपरवायझर अडखळतात. काम सोपवतात, निर्णय स्वतःकडे ठेवतात. केटलजवळच्या भिंतीवर पांढरा बोर्ड लावा आणि त्यावर तीन रकाने करा: स्वतः करा, करून मला सांगा, विचारल्याशिवाय नको. ब्रिक्स दोनदा मोजून कमी आला तर तो लॉट बाजूला काढून त्यावर चिठ्ठी लावणं, हे पहिल्या रकान्यात. सीम ढिला दिसला की मशीन थांबवणं दुसऱ्यात. हे तिसऱ्यात टाकू नका. तुम्ही येईपर्यंत मशीन चालू राहिलं तर प्रत्येक मिनिटाला खराब डबे वाढतात, आणि थांबवलेलं मशीन उगाच थांबवलं असलं तरी पाच मिनिटांचाच तोटा. आंब्याची गाडी परत पाठवणं तिसऱ्यात, कारण तिथे बागायतदाराशी संबंध येतो. पण तिथेही गाडीच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या क्रेटमधून आंबे काढून कापून बघायचं काम मुलांचंच. किती खराब निघाले तर गाडी अडवायची, तो आकडा मालकांबरोबर बसून एकदा ठरवून बोर्डावर लिहा. आकडा नसतो तेव्हाच माणसं फोन लावतात.

एक सावधगिरी. पहिल्या आठवड्यात कुणीतरी चुकीचा निर्णय घेणार. एखादा चांगला लॉट बाजूला काढला जाईल, एखादं मशीन उगाच थांबेल. त्या वेळी टेबलावरच्या बायकांसमोर ओरडलात, तर तो मुलगा पुढचा महिनाभर पाण्याचा नळसुद्धा विचारून उघडेल आणि बाकीचे दोघे त्याचं बघून शहाणे होतील. बाजूला घ्या, एवढंच विचारा, "तुला काय दिसलं, म्हणून तू असं केलंस?" उत्तरात बहुतेक वेळा तुमच्या त्या कागदावरची एखादी मेख राहिलेली सापडेल.

आता मालक. सात ते साडेआठ, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे जाण्यायेण्यासकट ऐंशी तास झाले, फोनचे वेगळे. कारखान्यासाठी कायद्याने आठवडा ४८ तासांचा आहे आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम. तुमच्या हुद्द्याला ओव्हरटाइम लागतो की नाही, हे नेमणूकपत्र आणि तुम्ही प्रत्यक्षात करता ते काम पाहून ठरतं. टेबलावरच्या बायकांना मात्र तो लागतोच, आणि त्यांची हजेरी तुमच्या सहीने जात असेल तर ते तास खरे लिहिले जातात ना, हे बघा. उद्या प्रश्न निघाला तर सही तुमची असते.

पण मालकांकडे कायदा घेऊन जाण्याआधी वही घेऊन जा. गाडी लागलेली असताना नको, दुपारी जेवणानंतर, पंधरा मिनिटं मागून घ्या. असं काही म्हणता येईल: "चार दिवसांत मला इतके फोन आले. त्यातले इतके या मुलांनी निकालात काढण्यासारखे होते. मी बोर्ड केलाय, तुम्ही एकदा वाचून सही करा. रात्री दहा ते पहाटे साडेपाच या वेळात फोन या एका माणसाकडे जाईल, त्याला त्याचे पैसे द्यावे लागतील. बॉयलर, अपघात, आग आणि जनरेटर बंद पडणं, एवढ्या चारच गोष्टींसाठी मला उठवायचं." मालकांची सही महत्त्वाची आहे. ती नसली तर मालक स्वतःच रात्री साडेअकराला तुम्हाला मेसेज टाकणार आणि बोर्ड दोन दिवसांत पुसला जाणार. "मला झेपत नाही" असं म्हणू नका. ते खरं असलं तरी त्यावर मालकांचं उत्तर ठरलेलं असतं, "सीझन आहे, सगळ्यांनाच होतं."

सीझननंतरसाठी आणखी एक मागणी आत्ताच करून ठेवा. फॉस्टॅक हे एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, प्रशिक्षण आहे, आणि अन्नप्रक्रिया उद्योगात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित फूड सेफ्टी सुपरवायझर असावा अशी अपेक्षा आहे. तिघांपैकी दोघांना पावसाळ्यात त्याला पाठवा. हा खर्च मालकांना परवान्याच्या तपासणीत उपयोगी पडतो, त्यामुळे 'हो' लवकर मिळतो. तुम्हाला स्वतःला शिकायचं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची काढणीपश्चात व्यवस्थापनाची संस्था किल्ला-रोह्याला आहे, तिथे प्रशिक्षणाची चौकशी करा.

घराकडे वळू. सासूबाईंच्या घेरीचं मला जास्त वाटतंय. तुम्ही रात्री साडेआठ-नऊला येता आणि त्या तुमच्याबरोबर जेवायला बसतात, असं पत्रावरून दिसतं. सून आल्याशिवाय जेवायचं नाही, ही आपल्याकडची माया आहे. पण मधुमेहाच्या काही गोळ्या नि इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं, तर साखर उतरते. घेरी सातला आली. कारण हेच असेल असं मी इथून म्हणणार नाही, रक्तदाबही असू शकतो. म्हणून या आठवड्यात डॉक्टरांना गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि घेरीची वेळ या तिन्ही लिहून दाखवा. गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. तोवर सासूबाईंचं जेवण तुमच्या येण्यापासून सोडवा. त्या मुलाबरोबर साडेसातला जेवतील, तुम्ही आल्यावर हवं तर कपभर ताक घेऊन तुमच्याजवळ बसतील.

फॅक्टरीतली रीत इथेही लावा. घरात ग्लुकोमीटर ठेवा. घाम, थरथर, घेरी, असंबद्ध बोलणं दिसलं की आकडा बघायचा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून खालीच असेल तर पुन्हा द्यायची, वर आली की जेवू घालायचं. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तरी थांबून राहू नये, साखर द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. हे शेजारच्या वहिनींना दाखवा, मुलालाही दाखवा. चौथीतल्या मुलाला साखर कुठल्या डब्यात आहे हे माहीत असतंच, कधी द्यायची तेवढं शिकवायचं. कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, त्याखाली डॉक्टरांचा नंबर नि औषधांची नावं. गोळ्यांसाठी सात खणांचा डबा आणा, रविवारी भरून ठेवा. वहिनींना मात्र 'लक्ष ठेवा हं' असं मोघम सांगू नका. संध्याकाळी साडेसातला एकदा डोकावून जाल का, असं नेमकं विचारा. मोघम जबाबदारी घेणारं माणूस लवकर कंटाळतं.

मिस्टर मुंबईला आहेत म्हणून घराच्या कामातून सुटलेत, असं तुम्हा दोघांनीही न बोलता मानलेलं दिसतं. लाइट बिल, गॅस सिलिंडर, शाळेची फी, औषधांची ऑर्डर, डॉक्टरांची वेळ घेणं, हे सगळं लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर होतं. यादी करून ही पाच कामं त्यांच्याकडे द्या. 'मदत करा' म्हणू नका. मदत म्हटली की आठवण करून द्यायचं काम तुमच्याकडे उरतं, आणि तेच थकवणारं असतं. दिली की विसरून जायचं. एखादं बिल चुकून एकदा दंडासकट भरलं जाईल. भरू दे. रोज रात्री त्यांनी मुलाला आठला, तुम्ही यायच्या आधी, फोन करायचा आणि अभ्यासाचं विचारायचं. तुमचा नि त्यांचा फोन वेगळा. त्यात दिवसभराच्या तक्रारींचा पाढा दोघंही वाचायला लागलात तर तो फोनही सतराव्या कामासारखा वाटायला लागतो. कामांचं बोलणं रविवारी सकाळी एकदा, बाकी दिवशी नुसतं बोलणं.

मुलावर ओरडणं. तुम्ही दारात पाऊल टाकल्यापासूनची पहिली वीस मिनिटं बघा, बहुतेक ओरडा तिथेच होत असेल. तुमच्या कानात अजून बॉयलर वाजत असतो, तो दिवसभराचं साठवून बसलेला असतो. आल्या आल्या फोन सासूबाईंच्या हातात द्या. त्यांना ते काम मनापासून आवडेल असं दिसतंय. रात्रपाळीचा माणूस ठरेपर्यंत त्या चार कारणांसाठी आलेला फोन तेवढा त्या तुम्हाला देतील. सरळ आंघोळीला जा, आणि मग दहा-पंधरा मिनिटं फक्त त्याच्याजवळ. अभ्यास तपासायचा नाही, वही बघायची नाही. तो बोलेल ते ऐकायचं, नाही बोलला तर एकत्र आमसुलं निवडत बसलात तरी चालेल. ओरडलात तर त्याच रात्री, झोपायच्या आधी, "मी दमले होते, तुझी चूक नव्हती" एवढं सांगा. कारण सांगितलं नाही की मुलं कारण स्वतःमध्ये शोधतात.

तीनची जाग. उशाशी ती फॅक्टरीची वही नको, वेगळा कागद ठेवा. जाग आली की जे सुचतंय ते दोन शब्दांत लिहा, 'रिटॉर्ट गॅस्केट', आणि दिवा बंद. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून पडवीत बसा, अंथरुणात तळमळू नका. दुपारी चारनंतरचा चहा सीझनपुरता बंद करा. त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं, आणि फॅक्टरीतला चहा दिवसातून किती वेळा येतो हे तुम्हाला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या अशा थकव्याला २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणची अवस्था म्हणून. तिची खूण तीन गोष्टींनी सांगितली आहे: अंगातली शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. पहिली तुमच्यात आहेच. दुसरी पत्रात फारशी दिसत नाही, मुलांबद्दल चिडून लिहिलंत तरी कामाबद्दल आपुलकीने लिहिलंय. पण सीझन संपून दोन आठवडे झाले तरी झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, तर तो सीझनचा शीण समजून अंगावर काढू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर ओरोसच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीचे वार विचारून घ्या. जगणं नको वाटण्याचा विचार एकदा जरी आला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन.

राहता राहिले काका. तुम्ही तीन मुलांना शिकवणार, तुम्हाला कोण शिकवणार? काकांनी तुम्हाला कॅनिंग शिकवलं, पण माणसं कशी वाटून घ्यायची हे शिकवलं नसावं. त्यांच्या वेळी कदाचित तेही सगळं स्वतःच करत असतील, आणि तुम्ही त्यांची ती सवय खुर्चीबरोबर घेतली असेल. त्यांच्याकडे जा. पंधरा दिवसांतून एकदा, तासभर, त्यांच्या घरी. "काय करू काका, फार ताण आहे" असं म्हणून बसलात तर ते "होतं गो असं" म्हणून चहा देतील आणि तास संपेल. एक घडलेला प्रसंग घेऊन जा: मंगळवारी गाडी अडवली, बागायतदार चिडला, मी असं बोलले, तुम्ही काय बोलला असता? सुपरवायझर झाल्यावर दुसऱ्या सीझनला तुम्ही कुठलं काम करायचं सोडून दिलंत? कशाची भीती उगाच बाळगली होती? परतताना एक गोष्ट ठरवून या, पुढच्या वेळी तिचं काय झालं ते आधी सांगा. मालक हे काम करू शकत नाहीत, कितीही चांगले असले तरी. ज्याच्या हातात तुमचा पगार आहे, त्याच्यासमोर "मला हे जमत नाही" असं मोकळेपणी कुणी बोलत नाही. जमलं तर पुढच्या वर्षी मे महिन्यातल्या वीस दिवसांसाठी काकांना दिवसाच्या मानधनावर बोलवायचं मालकांना सुचवा. कामाला नव्हे, मुलांच्या बाजूला उभं राहायला. फक्त आधी काकांना विचारा. निवृत्त माणसाला परस्पर कामाला लावलं तर तो खुशीने येत नाही.

आणि तो नोकरीचा प्रश्न. जुलैत भात लावून झाला, हात जरा मोकळे झाले, की वहीची पहिली चार पानं आणि सीझनच्या शेवटच्या चार दिवसांची पानं (तेव्हाही अशीच टिपून ठेवा) शेजारी ठेवा. फोन निम्म्यावर आले असतील तर पुढच्या सीझनला तीन मुलं तयार आहेत असं समजा. आले नसतील, कारण मालकांनी बोर्डावर सही केली नाही आणि रात्रीचा माणूसही दिला नाही, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा देवगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या पट्ट्यात अकरा सीझन काढलेल्या सुपरवायझरने कुठे आणि कोणत्या अटींवर विचारणा करावी, तेच बोलू.